लुगड्यानं मोजलेला खडीमाळ

मागच्या महिन्यात आमच्या भागाचा इतिहास छापून आला. गुळगुळीत कागद, चार पानं. पहिल्या पानावर नव्या इमारतींचा रंगीत फोटो आणि त्याखाली हात जोडून उभी असलेली पाच-सहा माणसं. त्यांतल्या एकालाही मी खडीमाळावर कधी चप्पल काढून कुणाच्या घरात शिरताना पाहिलेलं नाही. आत लिहिलंय की पूर्वी इथं निर्जन माळ होता, मग बाहेरून आलेल्या लोकांच्या अस्ताव्यस्त झोपड्या उभ्या राहिल्या, आणि मग या हात जोडलेल्या माणसांनी विकास केला. माझं डोकंच फिरलं. शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मी ती पानं टराटरा फाडली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या हो. असलं कोण वाचतंय?" मी वाचते ना! माझा जन्म त्या माळावरचा आहे. आणि अस्ताव्यस्त? हा शब्द निंगव्वाच्या कानावर पडला असता तर लिहिणाऱ्याची धडगत नव्हती.

निंगव्वा ही खडीमाळावर राहायला आलेली पहिली बाई. तिचं गाव जत तालुक्याच्या पार टोकाला, कर्नाटकाला टेकलेलं. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. मोठ्या दुष्काळात तिची मेंढरं मेली. नवरा सिद्दाप्पा म्हणाला, तू पुढं हो, मी उरलेली चार मेंढरं विकून येतो. ती एका मुकादमाबरोबर सांगलीला आली. विश्रामबागेत तेव्हा बंगल्यांमागून बंगले उठत होते आणि पाटी वाहायला माणसं हवी होती. खडी फोडून संपलेल्या एका माळावर मुकादमानं तिला सोडलं आणि सांगितलं, हितं पडा. तिच्यामागून तिच्या गावची माणसं आली, मग शेजारच्या गावांची, मग विजापूरकडची. माझे आईवडील त्यांतलेच. सिद्दाप्पा काही आला नाही. दोन वर्षांनी त्याच्या मरणाचा निरोप तेवढा आला.

उंच, वाळलेली बाई. डोक्यावर चुंबळ ठेवून ठेवून मधले केस गेलेले, कमरेला तंबाखूची चंची, आणि आवाज असा की नाल्यापलीकडचं माणूस थांबावं. नवरा गेल्यावरही कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू तिनं पुसलं नाही. कुणी काही बोललं तर म्हणायची, "कपाळ माझं हाय, त्याचं न्हवं." रस्त्यानं चालायची ती मधोमध. मागून गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला की वळून एकदाच म्हणायची, "होगले!" म्हणजे चल, निघ. गाडीवाल्याला कानडी येत नसली तरी तो बाजूनं जायचा.

माळावर नवीन बिऱ्हाड आलं की ते आधी निंगव्वाच्या दारात यायचं. ती प्यायला पाणी द्यायची, कुठल्या गावचे, कुणाचे, हे विचारायची आणि मग ट्रंकेतून तिचं ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं काढायची. दोन बायका दोन टोकं धरून ते जमिनीलगत ताणायच्या. एक लुगडं लांब, अर्धं लुगडं रुंद. चार कोपऱ्यांवर ती स्वतः चुना टाकायची. दोन ओळींच्या मधली वाट पदराएवढी, म्हणजे तिरडी आणि वरात दोन्ही निघाली पाहिजेत. लुगडंच का, तर मुकादमाकडं टेप होता आणि तो टेप माणूस बघून लांबायचा. एकदा त्याच मुकादमाचा मेहुणा आला आणि म्हणाला, मला दीड लुगडं जागा पाहिजे. निंगव्वा शांतपणे म्हणाली, "आदी दीड लुगडं नेसून दाव. मग दीती." सगळा माळ हसला, आणि मेहुण्याला एकच लुगडं मिळालं.

शंभराच्या वर घरं अशी उभी राहिली. इमारतींच्या योजनेसाठी मोजणी झाली तेव्हा एक तरुण इंजिनियर यंत्र घेऊन आला होता. दहाएक घरं मोजून तो चक्रावला. मला म्हणाला, "मॅडम, हे सगळे प्लॉट सारखेच कसे? आखणी कुणी केली?" मी त्याला लुगड्याची गोष्ट सांगितली. तो हसला, "इंटरेस्टिंग आहे" म्हणाला आणि कागदावर काहीही लिहिलं नाही. त्याच कागदांवरून पुढं तो अस्ताव्यस्त शब्द निघाला.

विश्रामबागेतून तिच्याबरोबर चालणं म्हणजे एक ताप असायचा. मी कॉलेजात जायची आणि ती कामावर, त्यामुळं वाट एकच. ती बंगल्यांकडं बोट दाखवत जायची. "ह्यो मी बांदला. त्यो बी. ह्येच्या जिन्यावरनं पडून तुज्या आईचा हात मोडला. त्या पिवळ्याच्या पायात पाणी लागलं हुतं, तीन दिस आमी उपसत हुतो." मला लाज वाटायची. वर्गातल्या मुली ऐकतील म्हणून मी चार पावलं पुढं चालायची. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या बंगल्यांना पाणी आलं, नळ आले, बागा आल्या. आमच्याकडं नाल्यापलीकडचा एक हातपंप. नळासाठी अर्ज करून करून माळावरची शिकलेली पोरं थकली. मग एके सकाळी निंगव्वानं आठ-दहा बायका घेतल्या, डोक्यावर परात घेतली आणि पाणी देणाऱ्या साहेबाच्या कचेरीत जाऊन बसली. साहेब आल्यावर तिनं परात त्याच्या टेबलावर ठेवली. परातीत जोंधळ्याचं कोरडं पीठ.

"मळ," ती म्हणाली.

"काय?"

"भाकरीचं पीठ हाय. मळ की! बिनपाण्याचं कसं मळत्यात त्ये दाव, म्हंजे आमी बी तसंच करतो."

साहेबानं शिपायाला हाक मारली. शिपाई आत आला, परातीकडं बघितलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तो आमच्याच खालच्या ओळीतला होता. बायका दुपारपर्यंत तिथंच बसल्या. पंखा सुरू होता, पीठ उडून फायलींवर बसत होतं आणि कुणी ते झटकत नव्हतं. पंधरवड्यात दोन नळ आले. त्या चार पानांत लिहिलंय की पाण्याची सोय लोकप्रतिनिधींच्या अथक पाठपुराव्यामुळं झाली!

पुढं बिहारकडची माणसं यायला लागली, प्लास्टर आणि फरशीकाम करणारी. रामसेवक नावाचा एक गवंडी बायको आणि दोन लहान पोरी घेऊन तिच्या दारात उभा राहिला, तेव्हा माळावरची तरणी पोरं जमा झाली. एकजण छाती काढून म्हणाला, "आज्जे, ह्ये परप्रांतातलं लोक हायती. ह्यास्नी जागा द्यायची न्हाई."

निंगव्वा पोरींना पाणी देत होती. हातातला तांब्या खाली ठेवून ती वळली. "तुजा बा हितं आला तवा ह्या सांगलीवाल्यांनी काय म्हटलं हुतं, म्हाईत हाय? कानडी मेंढरं आली म्हनलं. बंगल्यावाली बाई त्येला वरनं वंजळीत पाणी वतायची, भांडं बाटंल म्हनून. घरला जाऊन इच्यार त्येला. आन् मग हितं यून परप्रांत शिकीव मला." तिनं ट्रंकेतून लुगडं काढलं आणि त्याचं एक टोक त्याच पोराच्या हातात दिलं. "धर. ताठ धर, झोळ पडतुया."

अशी ही बाई. आणि खडीमाळाची सगळ्यात मोठी चूकही हिचीच.

आमच्या माळाची एक रीत होती. माणूस सांगलीत राहील, सांगलीत राबेल, इथंच मरेल. पण रेशनकार्ड आणि मतदान गावाकडं. नाव गावातच राहायचं. गावच्या जत्रेला गेलं की आपल्या कार्डावर भावकीनं उचललेल्या धान्यातलं पोतंभर घेऊन यायचं आणि मतदानाला सगळ्यांनी मिळून जायचं. ही रीत निंगव्वानं घातली आणि डोळ्यांत तेल घालून सांभाळली. एकानं गॅससाठी इथलं रेशनकार्ड काढलं, तर वर्षभर ती त्याच्या उंबऱ्यावर चढली नाही. त्याच्या पोरीच्या हळदीलाही गेली नाही. आम्हाला सगळ्यांना हे बरोबरच वाटायचं. मी बी.एड. झालेली, लग्नानंतर माझं स्वतःचं कार्ड इथलं, लोकांचे अर्ज भरून देणारी मी. मला तरी कळायला हवं होतं. मी एकदाही तिला म्हटलं नाही की आज्जे, हे अंगावर येईल.

ते आलं. घरं पाडून तिथंच इमारती बांधायची योजना आली आणि पात्र माणसांची यादी देवळाच्या भिंतीवर चिकटवली गेली. जवळजवळ सगळा माळ अपात्र. कारण एकच: रेशनकार्ड व मतदान अन्यत्र, सबब येथील रहिवासी नाही. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं राहिलेली माणसं! घरपट्टीच्या पावत्या होत्या, विजेची बिलं होती, इथल्या शाळांचे पोरांचे दाखले होते. ते काही नाही. तीन महिन्यांत गावाकडचं नाव कापल्याचा दाखला आणि इथलं कार्ड आणा, नाहीतर घर गेलं. ज्यांना आमच्याकडून पट्टी घेताना आम्ही इथं राहतो हे दिसत होतं, त्यांना घर द्यायची वेळ आल्यावर आम्ही दिसेनासे झालो.

पण माळाचा राग योजनेवर निघाला नाही. तो निंगव्वावर निघाला. तरणी पोरं तिच्या दारात जाऊन ओरडली. "तुज्यामुळं झालं ह्ये, आज्जे! तू नावं कापू दिली न्हाईस!" रामसेवकाची बायको मध्ये पडायला गेली तर तिलाही गप्प केलं. निंगव्वा उंबऱ्यावर बसून होती. तंबाखू मळायची थांबली होती.

सगळे बोलून दमल्यावर ती उठली. "चुकलं माझं," म्हणाली. "उद्या जतला जायचं. समद्यांनी. नावं कापाया."

पुढचे दोन महिने ती ओळीओळीनं माणसं घेऊन जतला जात राहिली. विजापूरकडची माणसं आणि रामसेवक आपापल्या गावी जाऊन दाखले घेऊन आले. तहसील कचेरीत सकाळी दार उघडायच्या आधी जाऊन बसायचं, अर्ज द्यायचा, दाखला घ्यायचा. ज्या म्हाताऱ्यांना जाववत नव्हतं त्यांना तिनं पोरांच्या पाठुंगळीला देऊन नेलं. अर्ज मी भरून द्यायची. शेवटच्या ओळीचे दाखले आले, सांगलीची कार्डं निघाली, सगळ्यांची नावं यादीत चढली. सगळा गठ्ठा तपासताना माझ्या लक्षात आलं की एकच अर्ज तसाच आहे. मी भरलेला, अंगठ्याची जागा कोरी.

मी तडक तिच्याकडं गेले. "आज्जे, ह्यो काय प्रकार हाय? आठ दिस राहिल्यात. अंगठा दे."

"माझं ऱ्हाऊ दे."

"का ऱ्हाऊ दे? घर जाईल तुजं! समद्यांची घरं वाचवलीस आन् तू काय रस्त्यावर ऱ्हानार हायीस?"

ती भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही. "तुमचं गावात कोण ना कोण हाय. भाऊ हाय, चुलता हाय. नाव कापलं तरी मानूस हाय. माझं कोण हाय? घराच्या भिंती पडल्या, रान दिरानं खाल्लं, सिद्दाप्पाचं नाव त्यो मेला तवाच गेलं. आता त्या कागदावर मी येकटी. मी बी कापलं तर म्हंतील, ह्ये मानूस कवा हितं नव्हतंच."

"आन् हितलं?"

"हितं मी हाय की! समोर बसल्याली दिसती न्हवं? दिसत्या मानसाला कागद कशाला? जिथं मानूस न्हाई तिथं कागद लागतुया."

मी ओरडले, रडले, हात जोडले. आठ दिवस रोज गेले. एकदा तर तिचा हात धरून बळंच शाईत बुडवावा असंही मनात आलं. तिच्या हाताकडं बघून ते झालं नाही. तिचा मला राग आला होता आणि आजही आहे. शंभर घरांसाठी चूक कबूल करणारी बाई स्वतःपुरती इतकी आडमुठी का व्हावी?

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. साहेब तिशीतला, बोलायला मऊ. "आजी, तुमचं घर जत तालुक्यात आहे."

"कवा बगितलंसा? त्येला छप्पर न्हाई."

"कागदावर आहे ना."

"मग ऱ्हाया जावा त्या कागदावर, चार दिस. मी हितं ऱ्हाती."

साहेब हसला. मला वाटलं, हसतोय म्हणजे ऐकतोय. माळावरच्या बायका उभ्या राहिल्या आणि एकेक सांगू लागली, मला हिनं जागा दिली, माझं बाळंतपण हिनं केलं, माझी सासू हिच्या मांडीवर गेली. साहेबानं हात वर केला. "साक्षीदार चालत नाहीत. पुरावा हवा." आणि त्यानं पुढचं नाव पुकारलं. मला अजून कळत नाही की शंभर माणसं एका माणसाकडं बोट दाखवून ही इथं राहते म्हणतात, ती स्वतः समोर उभी असते, आणि यापलीकडं पुरावा म्हणजे काय असतो. मी त्याला हे विचारायला हवं होतं. मी शिक्षिका, सरकारी पगार खाणारी, मी खुर्चीत बसून राहिले.

घरं पडली. बाकीच्यांना नाल्याकडंला पत्र्याची शेडं मिळाली, नंबर टाकून. तिला नंबर नव्हता. मग बायकांनी ठरवलं की आज्जी एकेका घरात आठ-आठ दिवस राहील. तिला ते अजिबात खपलं नाही. "मी काय देवाची पालकी हाय, ह्या दारातनं त्या दारात फिरवाया?" म्हणायची. माझ्याकडं चल म्हटलं, तर आली आणि तिसऱ्या दिवशी निघून गेली. शेवटी बहुतेक देवळाच्या पडवीतच असायची. इमारती झाल्या, किल्ल्या वाटल्या, मांडव पडला, भाषणं झाली. ती तिथंही गेली, पुढच्या रांगेत बसली आणि प्रत्येक नावाला टाळी वाजवली. खोटी नाही, खरीच. मला तेच सहन झालं नाही, मी उठून आले.

तिनं प्राण सोडला तो तिच्या गावात, दिराच्या पडवीत. त्याआधी आठ दिवस तिथं ग्रामपंचायतीचं मतदान होतं आणि त्या सकाळी मी तिला शेवटचं पाहिलं.

शाळेला जाताना बघितलं तर माळावरच्या नव्या इमारतींच्या फाटकात एक जीप उभी. तिच्या गावचा एक उमेदवार स्वतः तिला न्यायला आला होता. आमच्या सगळ्या भागात त्याच्या कामाचं आता एकच माणूस उरलं होतं. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला तो तरणा माणूस रस्त्यावर वाकून तिच्या पाया पडला. "आवं आज्जी, सावकाश, सावकाश" म्हणत दंडाला धरून त्यानं तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि मांडीवर पाण्याची बाटली ठेवली. एका मताचं का असेना, तिला नावानं हाक मारून न्यायला कुणीतरी आलं होतं. गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती. पात्र माणसं, एकूण एक. कुणी खाली उतरलं नाही.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि विचारलं, "आज्जी, परत आणून कुठं सोडायचं?"

तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि दुसऱ्या इमारतीपुढं मोटरसायकली लावायची जागा दाखवली. "थितं. माझ्या दारात."

ड्रायव्हरनं त्या मोटरसायकलींकडं बघितलं. मग काही समजेना म्हणून माझ्याकडं बघितलं.

"व्हय," मी वरच्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं, "तिथंच सोडा. घर हाय त्यांचं ते."